दातांचे कवच आणि त्याचा आधार

दातावरील शुभ्र, चकचकीत आवरणास दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. त्यामुळे मोडलेले हाड जसे पुन्हा जुळते, तसे तुटलेले दंतवल्क भरून येत नाही. वयानुसार ते सर्वांचेच थोडेथोडे झिजते.

दंतवल्काखाली दंतिनाचा थर असतो. तो काहीसा लवचीक असल्यामुळे चावतानाचा ताण झेलतो. हा गुण त्याला कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमुळे लाभतो. हाडे, त्वचा, अस्थिबंध या संयोजी ऊतींनाही हेच प्रथिन बळकटी देते. म्हणूनच कोलॅजेनमध्ये जन्मजात दोष असल्यास हाडांबरोबर दातही दुबळे होऊ शकतात.

‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ हा असाच एक आनुवंशिक विकार आहे. यात हाडे ठिसूळ होऊन किरकोळ आघातानेही मोडतात. काही रुग्णांच्या दंतिनाची घडणही सदोष असते. त्यांचे दंतवल्क बहुधा चांगले असते. परंतु खालचा आधार कमकुवत असल्याने त्याचे टवके उडतात. भिंतच भुसभुशीत असेल, तर चांगला गिलावाही टिकत नाही, तसेच हे. उघडे पडलेले दंतिन मग झपाट्याने झिजते व अकाली दात आखूड होतात. दुधाच्या दातांत हा दोष अधिक ठळक दिसतो.

अशा दातांचा रंग पिवळसर तपकिरी किंवा निळसर करडा असतो. तो आतून आलेला असल्याने घासून जात नाही. तरीही ‘मूल दात घासत नाही’ असा समज होऊन त्यालाच बोल लावले जातात. मूल हसणे टाळू लागते आणि उपचारही लांबतात.

हा दोष मुळातून नाहीसा करता येत नाही. झीज मात्र थोपवता येते. पहिला दात येताच मुलाला दंतवैद्याकडे न्यावे. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. कडक पदार्थ दातांनी फोडू नयेत. आवश्यकतेनुसार दंतवैद्य दातांवर कॅप बसवतात. हाडांसाठी औषधे चालू असल्यास दात काढण्यापूर्वी तसे अवश्य सांगावे.

शब्दार्थ
अस्थिबंध – हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे
आनुवंशिक – आईवडिलांकडून अपत्याकडे येणारे
बोल लावणे – दोष देणे

पाठगत प्रश्न
१. तुटलेले दंतवल्क पुन्हा का तयार होत नाही?
२. दंतवल्क चांगले असूनही त्याचे टवके का उडतात?
३. दातांचा रंग पाहून मुलाला दोष देणे अयोग्य का, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.