मास्क कधी काढायचा, हे ठरवताना

७ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर केलं, की ७ मार्चपासून राज्यातल्या शाळांमधली मास्कसक्ती उठेल. त्याच दिवशी कनेक्टिकट आणि डेलावेअरनेही तशाच घोषणा केल्या. आमच्या गावात मात्र या घोषणेने प्रश्न मिटला नाही, उलट आमच्या दारात येऊन उभा राहिला. राज्याची सक्ती गेली तरी स्कूल डिस्ट्रिक्टला वाटलं तर आपल्यापुरती ती चालू ठेवता येणार होती. ऑगस्ट २०२१पासून जो निर्णय राज्याकडे होता, तो आता गावातल्या स्कूल बोर्डाने घ्यायचा, तोही महिन्याभरात. आणि बोर्डाला मेल करणारे आम्ही आईवडील.

त्या महिन्यात आमच्या गावात काय काय झालं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण शाळेला असा निर्णय पुन्हा घ्यावा लागेल. साथ दुसरी असेल, पण घरं हीच असतील.

आमच्या मराठी घरांची परिस्थिती थोडी वेगळी होती. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ला लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दार उघडलं, आणि दोन वर्षं नातवंडांना न भेटलेले आजीआजोबा त्या हिवाळ्यात इकडे आले. माझी आईही आली. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह असलेली. ती आली आणि पाठोपाठ करोनाचा ओमायक्रॉन आला. जानेवारीत आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी पॉझिटिव्ह होतं, दुकानांत रॅपिड टेस्ट मिळत नव्हत्या. माझी मुलगी दुसरीत होती. तिच्या वर्गातून जे घरी येणार ते थेट आजीच्या खोलीत जाणार, हे मला रोज दिसत होतं. म्हणून सक्ती आणखी काही दिवस राहावी असं मला वाटत होतं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

पण माझ्या मताच्या विरुद्ध बोलणाऱ्यांत सगळे बेफिकीर नव्हते, हे कळायला त्यांचं ऐकावं लागलं. आमच्याच गल्लीतल्या एका आईचा मुलगा पहिलीत होता. त्याची स्पीच थेरपी चालू होती. शाळा सुरू झाल्यापासून आपल्या बाईंचे ओठ त्याने वर्गात पाहिलेच नव्हते. इंग्रजी वाचायला शिकताना आवाज कसा काढायचा हे मूल तोंड पाहून शिकतं, जीभ दातांत कशी येते ते पाहून. दीडदोन वर्षं वाया गेली तर ती कोण भरून देणार, हा तिचा सवाल होता, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि सक्तीच्या बाजूने बोलणारेही सगळे घाबरलेले नव्हते. गोदामात तासावर काम करणारी एक आई होती. तिचं कारण अगदी वेगळं. वर्गात दोन्ही मुलांनी मास्क नीट घातलेला असेल आणि तीन फुटांचं अंतर असेल, तर शेजारचं मूल पॉझिटिव्ह निघालं तरी आपल्या मुलाला घरी बसवावं लागत नाही, असा सीडीसीचा, म्हणजे केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा, नियम होता. मास्क नसेल तर क्वारंटाइन. मूल घरी म्हणजे ती घरी, आणि ती घरी म्हणजे त्या दिवसांचा पगार गेला. तिच्यासाठी मास्क हा घरभाड्याचा प्रश्न होता. हे तिने सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर बोर्डाची मीटिंग झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं, टेबलावर घड्याळ. शाळेचं सभागृह भरलेलं. कोणी व्हर्जिनियाचं उदाहरण दिलं, तिथे ग्लेन यंगकिन यांनी गव्हर्नर होताच जानेवारीत मास्कचा निर्णय पालकांच्या हाती देणारा आदेश काढला होता आणि सात स्कूल बोर्डं त्याविरुद्ध कोर्टात गेली होती. कोणी इंग्लंडचं सांगितलं, तिथल्या वर्गांतले मास्क २० जानेवारीलाच उतरले होते. कोणी आलेख छापून आणले होते. टाळ्या, हुर्यो, अध्यक्षांचा हातोडा. तासाभरात एकाही माणसाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही.

मग एक वडील उभे राहिले. त्यांच्या मुलाचं मूत्रपिंड बदललेलं होतं. शरीराने ते नाकारू नये म्हणून रोजची औषधं, आणि त्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली, त्यामुळे लसही पुरती लागू होत नाही. सगळ्यांनी कायम मास्क घाला, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की कुठला आकडा किती खाली आला की तुम्ही सक्ती काढणार, आणि तो पुन्हा किती वर गेला की परत लावणार? ते मला आधी सांगा, म्हणजे मी माझी तयारी करतो.

सभागृह शांत झालं. सुपरिंटेंडंटांनी उत्तर दिलं, की आम्ही सीडीसी सांगेल त्याप्रमाणे जाऊ.

२५ फेब्रुवारीला सीडीसीने मोजपट्टीच बदलली. तोवर त्यांच्या नकाशावर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रंग ठरायचा तो मुख्यतः नव्या रुग्णांवरून: आठवड्यात लाखामागे शंभर नवे रुग्ण झाले की लाल. नव्या पद्धतीत तो आकडा दोनशेवर गेला आणि इस्पितळात भरती होणारे किती, खाटा किती भरल्या, याला जास्त वजन आलं. मास्कची शिफारस फक्त वरच्या पातळीला राहिली. काल लाल असलेल्या कितीतरी काउंट्या आज हिरव्या झाल्या. यामागे विचार होता. बहुतेकांना लस मिळालेली असताना नुसती रुग्णसंख्या पूर्वीसारखा अर्थ सांगत नव्हती. पण हा विचार आधी कोणी समजावून सांगितला नव्हता, म्हणून ज्यांना मास्क नको होते त्यांना वाटलं की इतके दिवस उगाच अडवून धरलं, आणि ज्यांना हवे होते त्यांना वाटलं की दबावाला बळी पडून गणित बदललं. आमच्या बोर्डाने बहुमताने सक्ती काढली. त्या वडिलांना त्यांचं उत्तर मिळालंच नाही.

माझा पहिला सल्ला इथूनच येतो. सक्ती लावताना ती कधी काढणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. नंतर नाही, त्याच दिवशी. आकडा कुठला, तो कोण पाहणार, किती दिवस खाली राहिला की नियम उठेल, परत कधी लागेल. निकष आधी ठरला असेल तर आकडा खाली आल्यावर भांडायला फारसं उरत नाही. निकष नसेल तर प्रत्येक नवा आकडा हे नवं भांडण असतं, आणि ते भांडण माणसं एकमेकांच्या स्वभावावर नेतात.

ते आमच्याकडे तसंच गेलं. मराठी पालकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. गणपतीची वर्गणी, रविवारची मराठी शाळा, मुलांना आणायचं-सोडायचं, सगळं त्यावर. तिथे एकाने लिहिलं, "ज्यांना भीती वाटते त्यांनी मुलांना घरी बसवावं." दुसरीने लिहिलं, "ज्यांना दुसऱ्याच्या आईवडिलांची पर्वा नाही त्यांच्याशी काय बोलायचं?" दोघंही एकमेकांच्या घरी जेवलेले. एक ताई समजूत घालायला मध्ये पडल्या, तर दोन्हीकडून त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं. काही जण ग्रुप सोडून गेले, आणि त्यांतल्या दोन घरांची मुलं पुढे मराठी शाळेतही आली नाहीत. मास्क कधीचे गेले, ती मुलं मात्र परत आली नाहीत.

मुलं हे सगळं ऐकत असतात. ७ मार्चनंतर माझी मुलगी मास्क घालूनच जात होती. एक दिवस घरी येऊन तिने विचारलं, "आई, आपण घाबरट आहोत का? माझ्या मैत्रिणीच्या घरी असं म्हणतात." मला वाईट वाटलं. पण दोन दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा जास्त वाईट वाटलं. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने मास्क न घातलेल्या मुलाला म्हटलं होतं, "तुझ्यामुळे माझी आजी मरेल." तो मुलगा डबा न खाता बसून राहिला. सात वर्षांची मुलं ही. यांतलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं, दोन्ही आमच्या जेवणाच्या टेबलांवरून गेली होती. बाईंनी फार शहाणपणाने हाताळलं. सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, की प्रत्येक घरात वेगळी माणसं असतात, त्यामुळे प्रत्येक घराचा नियम वेगळा असतो, आणि कोणी कुणाला कारण विचारायचं नाही. हे सांगायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर नियम बदलण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक वर्गात हे बोललं जायला हवं होतं. तुमच्या शाळेत अशी वेळ आली तर प्रिन्सिपलना आणि काउन्सेलरना हे आधी सांगा. आणि घरी मुलाला एक सोपं वाक्य द्या, जे त्याला न लाजता म्हणता येईल. माझ्या मुलीला आम्ही दिलं होतं: "माझी आजी आलीये, म्हणून घालते." यात कुणावर आरोप नाही. त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही.

जो एकटा मास्क घालणार त्याच्या मास्कबद्दलही थोडं. सगळे घालत होते तेव्हा कापडाचा, चित्रांचा मास्क चालून जात होता, कारण बोलणाऱ्याच्या तोंडाशीच बरंचसं अडत होतं. बाकीच्यांनी काढल्यावर आपल्या मुलाचं रक्षण त्याच्या एकट्याच्या मास्कवर येतं, आणि सैल विणीच्या कापडाचा उपयोग सगळ्यांत कमी, हे सीडीसीनेही जानेवारी २०२२मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. सरकारने ४० कोटी एन-९५ फुकट वाटले, पण ते मोठ्यांच्या मापाचे होते. मुलांच्या मापाचा प्रमाणित एन-९५ अमेरिकेत नसतोच. आम्ही कोरियन बनावटीचे केएफ-९४ घेतले, लहान मापाचे. कानामागच्या नाड्यांना गाठ मारून सैलपणा काढायचा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, गालाशी फट राहते का ते आरशात पाहायचं. हे घरी आधी करून घ्या. दप्तरात पिशवीत घालून एक जास्तीचा ठेवा, कारण दुपारपर्यंत ओला होतो आणि ओला मास्क मूल नाकाखाली ओढतंच.

दुसरी एक गोष्ट त्या वादात पार बुडून गेली, आणि तिचा मला अजून राग आहे. ती म्हणजे वर्गातली हवा. सक्ती असतानाही मुलं कॅफेटेरियात मास्क काढून शेजारी शेजारी बसूनच जेवत होती. खिडक्या उघडतात का, हवा किती वेळा बदलते, फिल्टर कुठले, हे आम्ही कोणीच विचारत नव्हतो. मार्च २०२१च्या केंद्रीय कायद्याने देशभरच्या शाळांना जवळपास १२२ अब्ज डॉलर मिळाले होते, आणि तो पैसा वायुवीजनासाठी वापरायची मुभा होती. मास्क लावा म्हणणारे आणि काढा म्हणणारे, दोघांनाही या मागणीवर एकत्र येता आलं असतं.

पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये बॉस्टन परिसरातल्या शाळांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सक्ती उठवलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त आढळले. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. गावागावांत फरक असतात, त्यामुळे त्यावर आक्षेपही घेतले गेले. मला त्यातली दुसरीच नोंद महत्त्वाची वाटली: सक्ती जास्त काळ ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळांच्या इमारती जुन्या आणि वाईट अवस्थेतल्या होत्या, आणि गरीब घरची मुलं जास्त होती. जिथे हवा वाईट, तिथे मुलांना मास्क जास्त दिवस घालावा लागला.

ज्यांचं मूल खरोखर नाजूक प्रकृतीचं आहे, त्यांनी सर्वांसाठीच्या नियमावर सगळी भिस्त ठेवू नये. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४खाली सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला अशा मुलाच्या शिक्षणासाठी योग्य त्या सोयी कराव्या लागतात. डॉक्टरांचं पत्र घेऊन लेखी मागा: बसायची जागा खिडकीशी, जेवायला वेगळी सोय, वर्गात फिल्टरचं यंत्र, आजूबाजूला साथ वाढली की लगेच कळवणं. हे व्हायला वेळ लागतो. मीटिंगांवर मीटिंगा होतात. म्हणून सक्ती उठण्याची वाट न पाहता आधीच सुरुवात करा.

इकडे माझी मुलगी अजून मास्क घालत असतानाच महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मास्क ऐच्छिक झाला. आईला फोनवर ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे पहिली-दुसरीची मुलं डिसेंबरपर्यंत वर्गात बसली नव्हती, तुमची निदान शाळेत तरी जात होती." खरं होतं ते. मेमध्ये ती परत गेली, आणि त्यानंतरच्या सोमवारपासून माझी मुलगी मास्कशिवाय शाळेत जाऊ लागली.

न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे स्कूल बोर्डाला प्रत्येक सभेत लोकांचं म्हणणं ऐकायला वेळ ठेवावाच लागतो. सगळं शांत असतं तेव्हा त्या खुर्च्या रिकाम्या असतात. तेव्हाच जा. पुढची साथ आली तर काय लावणार, कुठल्या आकड्याला काढणार, आणि वर्गातली हवा मोजली आहे का, एवढं विचारा, आणि उत्तर लेखी मागा. तीन मिनिटं पुरतात.