परसातला झोका, घसरगुंडी आणि ट्रॅम्पोलीन : नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

मानवत, पाथरी, सेलू, परभणीकडून अमेरिकेत आलेल्यांनी पहिलं घर घेतलं की वर्षाच्या आत मागच्या अंगणात मुलांचा झोका उभा राहतो. जुन्या कुटुंबांनी याबद्दल लिहून पाठवलेलं इथे फारशी काटछाट न करता देत आहोत. नियम अमेरिकेचे आहेत, कारण इतर देशांतून कुणी लिहिलं नाही.

टेक्सासहून, मूळ मानवतचे एक अभियंते

१. जमीन : झोका कितीही महागाचा असो, मूल पडतं ते खाली. गवत मऊ दिसतं, पण डोकं वाचवत नाही. इथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या घरगुती खेळसाहित्याच्या पुस्तिकेप्रमाणे ७ फूट उंचीपर्यंत लाकडाच्या चिप्स किंवा मल्चचा किमान ९ इंच थर हवा. तेवढीच वाळू ५ फुटांपर्यंतच चालते. थर दबतो, म्हणून सुरुवातीला १२ इंच घाला. काँक्रीटवर सेट लावूच नका.

२. मोकळी जागा : चारी बाजूंनी ६ फूट. झोक्याच्या पुढे आणि मागे आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट. दांडी ८ फुटांवर असेल तर दोन्हीकडे १६ फूट.

३. फटी : साडेतीन ते ९ इंचांची फट धोक्याची. त्यातून अंग निघून जातं, डोकं अडकतं.

४. दोऱ्या : सेटला उडीची दोरी, ओढणी, कुत्र्याचा पट्टा बांधू नका. हुडीची नाडी काढून टाका. सायकलचं हेल्मेट उतरवल्याशिवाय चढू देऊ नका, ते अडकून गळफास बसतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, चेन यांचंही तेच. नजर लागू नये म्हणून तीट पुरेशी आहे.

५. जुना माल : फुकट मिळणारा २००४ पूर्वीचा लाकडी सेट आणू नका. त्या लाकडाला आर्सेनिकचं औषध दिलेलं असू शकतं.

६. ऊन : जुलैत प्लास्टिकची घसरगुंडीसुद्धा मेमधल्या मानवतच्या पत्र्यासारखी तापते. आधी आपला हात लावून बघा.

७. नटबोल्ट : दर महिन्याला आवळा. साखळीचे हुक झिजतात.

न्यू जर्सीहून एक वडील

मला इंच-फूट सांगायचे नाहीत. आमच्या लेकीचा हात मोडला तो गावाकडच्याच एका मित्राच्या ट्रॅम्पोलीनवर. हात जुळला, पण कागद संपेनात. आरोग्य विम्याच्या कंपनीचं पत्र आलं : अपघात कुणाच्या जागेत झाला? मालकाचं नाव काय? त्याच्या घराचा विमा कोणाकडे? उत्तर येईपर्यंत बिल अडकवलेलं. ज्याच्या घरी आपण दिवाळीचा फराळ करतो त्याचं नाव असं कागदावर लिहून द्यायचं? फोन केला की संगीत ऐकत बसा. फॉर्म फॅक्सनेच पाठवा, मग तो मिळालाच नाही म्हणतात, मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर रुग्णालयाचं बिल वसुलीवाल्यांकडे गेलेलं. माणूस आजारी पडला तर बरा होतो, कागद आजारी पडला की उठत नाही!

तुम्ही एवढं करा. पत्राला मुदतीत उत्तर द्या, प्रत ठेवा, मित्राला आधी सांगा. डॉक्टर ‘कसं लागलं’ असं दोनदोनदा विचारतात, कधी मुलाला एकट्याला विचारतात. संशय आला तर कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक असतं. चिडू नका, घडलं तसं सांगा.

ट्रॅम्पोलीन घेऊच नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना घरच्या ट्रॅम्पोलीनच्या विरोधात आहे. सुमारे तीन चतुर्थांश इजा एकाहून अधिक जण एकत्र उड्या मारताना होतात, आणि आपल्याकडे वाढदिवसाला एकदम दहा पोरं चढतात. घराच्या विम्यात ट्रॅम्पोलीन वगळलेलं आहे का तेही लेखी विचारून घ्या. वस्तीत घरमालकांची समिती असेल तर झोक्यालाही आधी परवानगी लागते.

कॅलिफोर्नियाहून एक आजी

तुमचे नियम बरोबर असतील, पण मुलांना झोका म्हणजे काय हे कोण सांगणार? आपल्याकडे पंचमीला लिंबाच्या झाडाला झोके बांधायचे, माहेरवाशिणी यायच्या, गाणी म्हणायच्या. इथे दुकानातून खोकं येतं, बाप स्क्रू पिळतो, मूल एकटं झुलतं आणि आईबाप फोन बघतात. श्रावणात चार घरच्या लेकी बोलवा. गाणी म्हणा, लाह्या द्या. मोठं माणूस जवळ उभं असलं की मूल सुरक्षितही राहतं आणि मराठीही बोलतं. नातवाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून यायलाही आजी हवी.

*संपादकांकडून :* झोक्याजवळ उभं राहण्याबद्दल आजींशी पूर्ण सहमत. मांडीवर घेऊन घसरण्याबद्दल मात्र नाही. लहानग्याचा बूट कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. लहान मुलाने एकट्याने, आपल्या वेगाने घसरावं आणि मोठ्यांनी बाजूला उभं राहावं. साडीची झोळी बांधली असेल तर त्यात मूल एकटं सोडू नका. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली तर थेट ९११. घरचा पत्ता इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावा, भारतातून आलेल्या आजीआजोबांना तो वाचून दाखवायला शिकवा.

बर्फात गोठलेल्या जमिनीबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. शिकागो, मिनेसोटाकडच्या कुटुंबांनी थंडी पडायच्या आत लिहून पाठवावं.