गेलेले पैसे काढायचेत

तासगाव, पलूस, कराड, फलटण. आपल्या भागात उसाचं बिल जमा झालं किंवा बेदाण्याचा सौदा झाला की घरात एकरकमी पैसा येतो. हल्ली त्या पैशाचा हिशेब बहुतेक घरांत मुलाच्याच फोनवर असतो, कारण आपल्याला ते ॲप नीट जमत नाही. म्हणून आज हे बोलणं आईवडिलांशी, मुलांच्या जुगाराबद्दल.

जुगार आपल्याला नवा नाही. गणपतीच्या जागरणाला मांडवामागं तीन पत्ती बसते. मटक्याचं म्हणाल, तर आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडे लागायचे; 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी मुंबईत कल्याण मटका सुरू केला आणि पुढं ते लोण गावोगावच्या टपरीपर्यंत पोचलं. "आमच्या वेळीही होतं की, कोण बिघडलं?" असं वडील मंडळी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. खेळणाऱ्यांतले बरेचजण चार पैसे घालवून घरी येतात आणि विसरून जातात. मग एखादाच का अडकतो?

पुष्कळदा सुरुवातीलाच त्याला बऱ्यापैकी रक्कम लागलेली असते. घरच्यांना वाटतं, नशीबवान आहे. मला त्या पहिल्या जिंकण्याचीच जास्त भीती वाटते, कारण मुलाच्या मनात त्या दिवशी 'मला जमतं' हे पक्कं बसतं. पुढं सहा लावला आणि सात आला, की 'हरलो' असं त्याला वाटत नाही, 'थोडक्यात हुकलं' असं वाटतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की असं थोडक्यात हुकताना मेंदूतले जिंकतानाचेच काही भाग जागे होतात. हिशेब मात्र साधा असतो. मटक्यात एका आकड्याला साधारण नऊपट मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. जितकं जास्त खेळाल तितका तो दहाचा खड्डा वाढत जातो.

गंमत संपते ती एका ठरावीक वळणावर. 'मजा म्हणून' ऐवजी 'गेलेले काढायचेत' म्हणून तो खेळायला बसतो, तेच ते वळण. दोन हजार गेले म्हणून चार लावायचे, चारही गेले की मित्राकडून आठ आणायचे. ही जिद्द त्याला मेहनतीसारखी वाटते. कष्टानं नुकसान भरून काढायचं, हे त्यानं आपल्याच घरात पाहिलेलं असतं. द्राक्षबाग गारपिटीत गेली तर आपणही पुढच्या छाटणीला पुन्हा उभे राहतोच ना. पण बागेत राबण्याचं काही फळ मिळतं, इथं राबण्याचा आकड्याशी काही संबंध नसतो.

टपरीवर मटक्याचा पहिला आकडा (ओपन) आणि दुसरा आकडा (क्लोज) यांच्यामध्ये काही तास जायचे. डोकं थंड व्हायला तेवढी उसंत होती. फोननं ती काढून घेतली. आयपीएलच्या सामन्यात चेंडूगणिक पैसे लावता येतात, रात्री दोन वाजता पांघरुणात पत्ते खेळता येतात आणि तिथल्या तिथं कर्जाचं ॲपही उघडता येतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. पण कुणाकडून तरी 'आयडी' घेऊन परदेशी साइटवर खेळणं त्यानं थांबलं असं समजू नका.

आता आपली बाजू. मुलाचं कर्ज कळलं की आपण दोनातलं एक करतो. एक तर दोन गुंठे विकून, पाटल्या गहाण ठेवून, चार माणसांत बोभाटा नको म्हणून गुपचूप भागवतो. तो रडतो, शपथ घेतो, आणि आता पाटी कोरी आहे म्हणून पुन्हा खेळतो. नाहीतर त्याला घराबाहेर काढतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यात आई, बाप, भाऊ सगळे म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. इतकं जुनं आहे हे.

दोन्ही टाळा. त्याच्या शेजारी बसून सगळ्या देण्यांची यादी कागदावर काढा. पहिल्या दिवशी तो निम्मीच सांगेल, चिडू नका, आठवड्यानं पुन्हा विचारा. रोख त्याच्या हातात देऊ नका. त्याच्या कमाईतून हप्ते बांधा आणि ते ज्याचं त्याला थेट पोचू द्या. बँकेचा व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. विनापरवाना सावकार दमदाटी करत असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, पोलिसांकडेही जाता येतं.

जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणजे त्यावर उपचार आहेत. साताऱ्यात 'परिवर्तन', पुण्यात 'मुक्तांगण' या संस्था व्यसनमुक्तीचं काम वर्षानुवर्षं करतायत. सांगलीकरांनाही दोन्ही फार लांब नाहीत. आणि कर्जात बुडालेला मुलगा अचानक गप्प झाला, जेवेनासा झाला, तर 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्यासमोरच 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि पलीकडे मराठीत बोलता येतं.