झाशीत नावेत बसण्याआधी

महाराष्ट्रातून झाशीला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी किल्ला, राणीमहाल आणि राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर. दुसऱ्या दिवशी ओरछा. ओरछ्याला समाधी-छत्र्यांच्या सावलीत उभं राहून बेतवा पाहिली की घोळक्यातलं कुणीतरी विचारतंच, "इथे नावेत बसता येतं का हो?"

झाशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरातल्या काकांनी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की त्यांचं उत्तर ठरून गेलंय. "बसता येतं. पण आधी चहा घेऊ, तोवर पाणी बघू." पाहुण्यांना वाटतं, काका वेळ काढतायत. काका खरोखरच पाणी बघत असतात. चहाच्या टपरीवरून घाटाजवळचा एखादा खडक हेरायचा आणि पेला रिकामा होईपर्यंत त्यावरची ओली रेघ चढते की उतरते, एवढंच त्यांचं शास्त्र.

या शास्त्राला भक्कम कारण आहे. ओरछ्याला दिसणारी बेतवा मोकळी नदी वाटते, पण ती वरच्या धरणांच्या हिशेबाने वाहते. सगळ्यात वर राजघाट. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या भागीदारीचं ते धरण, त्यासाठी 1976 च्या कायद्याने बेतवा नदी मंडळ नेमलं गेलं. त्याखाली 1950 च्या दशकातलं माताटीला. त्याहून खाली सुकवाँ-ढुकवाँचा जुना दगडी बंधारा, 1909 च्या सुमाराचा, आणि त्याला 2020 साली जोडलेलं 24 मेगावॅटचं वीजघर. वीज हवी असेल तेव्हा पाणी सुटतं, नको असेल तेव्हा अडतं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की ओरछ्याचा जुना, कठडे नसलेला पूल पाण्याखाली जातो, हे तर नेहमीचंच. धरणावरचा भोंगा मात्र ओरछ्याच्या घाटावर ऐकू येत नाही.

काहींची चौकशी आणखी पुढची असते. केरळची हाउसबोट पाहून आलेले किंवा इंग्लंडातल्या कालव्यांवरच्या लांबुळक्या बोटींचे व्हिडिओ पाहिलेले विचारतात, "इथे एवढा मोठा बेतवा कालवा आहे, त्यातून नाही का जाता येत?" नाही जाता येत. परीछा इथे बांध घालून 1885 च्या सुमाराला हा कालवा सुरू झाला, तो दुष्काळात शेतं वाचवण्यासाठी. पुढे त्याच्या हमीरपूर आणि कुठौंद अशा दोन शाखा होतात. प्रवाशांच्या बोटींचा विचार त्यात नव्हता, आणि तेव्हा तो कुणी केलाही नसता, कारण चारेक वर्षांतच इंडियन मिडलँड रेल्वे झाशीत पोचली.

पण याच उत्तर प्रदेशात कालव्यांतून बोटी चालत असत. प्रोबी कॉटली यांनी बांधलेला गंगा कालवा 1854 मध्ये सुरू झाला. पाणी जिथे एकदम खाली पडतं तिथे बाजूने लॉक, म्हणजे पुढेमागे दारं असलेला हौद, बांधून बोटी वरखाली नेण्याची सोय त्यात होती. आग्रा कालव्यातूनही दिल्लीपर्यंत बोटी जात. ती वाहतूक 1904 मध्ये बंद पडली. अभियंते सर आर्थर कॉटन आयुष्यभर सांगत राहिले की या देशाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. पैसा रेल्वेकडे गेला. आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतचा बकिंगहॅम कालवा त्यातल्या त्यात टिकला, पण 1965-66 च्या वादळांनी त्याचंही कंबरडं मोडलं. जिथे बोटी बंद पडतात तिथला धक्का, पायऱ्या, विहीर, धर्मशाळा सगळंच हळूहळू निरर्थक होतं. बोट जाते, मग सोयी जातात, आणि सोयी नाहीत म्हणून उरलेली बोटही जाते.

इंग्लंडातही आता हीच तक्रार ऐकू येते. इंग्लंड-वेल्समधले सुमारे 3,200 किलोमीटरचे कालवे आणि नद्या 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. बोटीवर कायम राहणाऱ्यांना पिण्याच्या पाण्याचा नळ, कचराकुंडी आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा लागते. यातलं एकेक ठिकाण बंद होतं तेव्हा पुढच्या नळापर्यंत बोट तासन् तास हाकावी लागते. ठरलेला धक्का नसलेल्यांनी एका जागी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असा 1995 चा कायदा आहे, आणि 2024 पासून अशा बोटींना परवान्यावर जादा शुल्कही पडतं. 2027 नंतर सरकारी मदत घटत जाणार, हेही जाहीर झालंय. तरी तिथे नळ बंद झाला तर जाब कुणाला विचारायचा, हे बोटवाल्याला ठाऊक असतं. बेतवेच्या पाण्याला पाटबंधारे खातं आहे, वीजघर आहे, नदी मंडळ आहे. त्या पाण्यावर तरंगणारा माणूस यातल्या कुणाच्याच वहीत नाही.

हे किती महाग पडतं, ते माताटीलाने दाखवलं. 18 मार्च 2025 ला शिवपुरी जिल्ह्यातल्या खनियाधाना भागात होळीच्या दिवसांत पंधरा गावकरी जलाशयातल्या बेटावरच्या सिद्धबाबांच्या दर्शनाला नावेने निघाले. वाटेत नाव उलटली. आठजण वाचले. सात बुडाले, त्यांत बायका आणि मुलंच होती. जलाशयाने वेढलेल्या मंदिराला जायचं तर नाव हाच रस्ता.

म्हणून काका लाइफ जॅकेटपासून सुरुवात करतात. एकदा घाटावर हातात आलेल्या नारिंगी जॅकेटचं बकल तुटलेलं होतं आणि त्याजागी सुतळीची गाठ मारलेली. काकांनी ते पाहुण्यांच्या सात वर्षांच्या नातवाला घातलं, खांद्यापाशी धरून वर ओढलं, तर अख्खं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून आलं. "पाण्यात पण असंच निघणार, भैया," एवढंच ते नावाड्याला म्हणाले. तो बिचारा ओशाळला. त्याच्याकडे लहान मापाचं जॅकेटच नव्हतं, आणि हंगामाचे चार महिने कमावणाऱ्याने ते कुठून आणावं, हाही प्रश्नच. नातू त्या दिवशी किनाऱ्यावर बसून राहिला, आणि रुसलाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये नावांच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने वल्ह्याच्या नावांचीही नोंद व्हावी असं म्हटलंय. कागद छान आहेत. घाटावर मात्र बघायचं ते आपणच: नावेच्या बाहेरच्या अंगाला भाराची रेघ आहे का, सगळे बसल्यावर ती पाण्याखाली गेली का, तळाशी पाणी साचलंय का आणि ते उपसायला डबा आहे का. नाव हलायला लागल्यावर फोटोसाठी एका बाजूला सरकणारे मराठी पाहुणे काकांनी पुष्कळ पाहिलेत. त्यांना ते चक्क दटावतात. दारू प्यालेला असेल तर नावाडी असो की पाहुणा, फेरी रद्द.

महिना निवडणं त्याहून महत्त्वाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरं आणि शांत. मे महिन्यात खडक वर येतात, नावेला वाट उरत नाही. जुलै ते सप्टेंबर घाटावर उतरायचंच नाही, मग नावाडी कितीही आग्रह करो. कुणाला थांबलेलंच पाणी हवं असेल तर बरुआसागर आहे. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने बांधलेला तो तलाव झाशीहून जवळ आहे आणि वरून अचानक पाणी सुटायची भीती तिथे नाही. बायकांनी कपडे बदलणं आणि स्वच्छतागृहाला जाणं मात्र हॉटेलातच उरकून निघावं, घाटाच्या भरवशावर राहू नये.

केन-बेतवा जोड प्रकल्पाची पायाभरणी 25 डिसेंबर 2024 ला झाली. 221 किलोमीटरचा कालवा केनचं पाणी बेतवेत आणणार आहे. 10.62 लाख हेक्टर सिंचन, 62 लाख लोकांना पिण्याचं पाणी आणि 103 मेगावॅट जलविद्युत, असे त्याचे आकडे. नावेच्या फेऱ्यांचा आकडा त्यांत नाही. काका म्हणतात, घाटावर धरणाच्या विसर्गाचा एक फळा जरी लावला तरी पुरे, रोज सकाळी खडूने लिहायचा. तो लागेपर्यंत ओरछ्याला जाणाऱ्यांना ते आणखी एक बजावून ठेवतात. बेतवा इथे दोन राज्यांच्या सीमेवर आहे. ओरछा मध्य प्रदेशात, परीछा उत्तर प्रदेशात. 112 ला फोन लावायची वेळ आली तर आधी राज्य सांगायचं, मग घाटाचं नाव, मग काय घडलं ते.