परस्पर कापलेले पैसे परत मिळवताना खिशाला किती पडतं?

पासबुक छापून आणलं की आपण शेवटची शिल्लक बघतो आणि ते कपाटात ठेवून देतो. मधल्या ओळी फारसं कोणी वाचत नाही. त्यातच कुठेतरी ‘एसीएच डीआर’, पुढे एखाद्या कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव आणि रक्कम 499 असं असतं. मागचं पान उलटलं तर गेल्या महिन्याच्या त्याच तारखेलाही तेच. काउंटरवर विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं : ‘सर, तुम्हीच कुठेतरी ओके केलं असेल.’

असेलही. पण नसेल, तर ते तुम्ही सिद्ध करायचं नाही, बँकेने करायचं. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ही गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे दाखवण्याचा भार बँकेवर. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यामुळे ‘आमची सहकारी बँक आहे, आम्हाला ते नियम नाहीत’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका.

पैसे परत मिळवायला किती खर्च येतो, याचं थोडक्यात उत्तर असं. बँकेत तक्रार करायला फी नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पैसे जातात ते उशिरामुळे आणि चुकीच्या उपायांमुळे, आणि या दोन्हींचा हिशेब नीट मांडता येतो.

आधी ओळखा, कापले कोणी

खात्यातून रक्कम परस्पर जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत, पण प्रत्येकीचं दार वेगळं. पासबुकात ‘एसीएच’, ‘नॅच’ किंवा जुन्या सवयीने ‘ईसीएस’ असेल तर तुमच्या नावाने एखादं मँडेट, म्हणजे परस्पर वसुलीची परवानगी, नोंदलेलं आहे. कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, एसआयपी याच वाटेने जातात. कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेमधून जात असेल तर ते बहुधा ॲपचं, ओटीटीचं किंवा ‘सात दिवस फुकट’ म्हणून घेतलेल्या कशाचं तरी वर्गणीशुल्क असतं. तिसरी वाट बँकेच्या स्वतःच्या शुल्कांची : एसएमएस, डेबिट कार्ड, किमान शिल्लक. आणि चौथी बँकेतूनच उतरवलेल्या विम्याची.

ऑटोपेचं काम सोपं आहे. रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी, आणि त्या सूचनेवरून तो एक हप्ता किंवा सगळं मँडेटच नाकारण्याची सोय हवी. कार्डावरच्या नेहमीच्या वसुलीत 15,000 रुपयांपुढच्या रकमेला दरवेळी ओटीपीसारखी वेगळी परवानगी लागते. विम्याचा प्रीमियम, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा एक लाख आहे. फास्टॅग आपोआप भरला जातो, त्याला मात्र ही आगाऊ सूचना लागत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग शोधा, तिथून रद्द करा, खर्च शून्य. सूचना न येता पैसे गेले असतील तर तोच तक्रारीचा पहिला मुद्दा.

नॅच : पोच नसेल तर काहीच नाही

जास्त लोक अडकतात ते नॅचमध्ये. कर्ज फिटलं, ‘नो ड्यूज’ हातात आलं, तरी मँडेट जिवंतच राहतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा हप्ता जातो. किंवा जिम बंद केली, क्लास सोडला, वसुली चालूच. फोन केला की कंपनी बँकेकडे बोट दाखवते, बँक कंपनीकडे.

मँडेट रद्द करायला कंपनीची मेहेरबानी लागत नाही. खातं ज्या बँकेत आहे तिथे अर्ज देऊन ते थांबवता येतं. प्रत्येक मँडेटला ‘यूएमआरएन’ नावाचा एक क्रमांक असतो. नेट बँकिंगमध्ये दिसतो, नाहीतर शाखेत मागायचा. आणि एकदा तुम्ही बँकेकडे मँडेट रद्द केलं, त्यानंतरही रक्कम कापली, तर जबाबदारी सरळ तुमच्या बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात यासाठी वेगळी ओळच आहे : दुसऱ्या दिवसापर्यंत निपटारा, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे 499 रुपयांच्या वसुलीत बँकेने मुदतीपुढे पाच-सहा दिवस लावले तर भरपाई मूळ रकमेच्या पुढे जाते. शाखेत हे फारसं कोणी आपणहून सांगत नाही. तुम्ही परिपत्रकाची तारीख लिहून दिलीत की बोलण्याचा सूर बदलतो.

पण हे सगळं उभं राहतं ते अर्जाच्या तारखेवर. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. झेरॉक्सचे पाच-दहा रुपये, एवढाच इथला खर्च. शाखा पोच द्यायला नाही म्हणाली तर तोच अर्ज बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक मागा, किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. (रजिस्टर एडी करा असं अजून सांगितलं जातं, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.)

अर्जात भावना नको, एवढं पुरे :

‘महोदय, माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे ….) दि. …. रोजी रु. …. इतकी रक्कम …. या नावाने वजा झाली आहे. या वसुलीस मी संमती दिलेली नाही. सदर मँडेटचा यूएमआरएन क्रमांक व मी संमती दिल्याच्या पुराव्याची प्रत मला द्यावी, मँडेट आजच रद्द करावे, तसेच रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार रक्कम मूळ तारखेपासून माझ्या खात्यात जमा करावी. तक्रार क्रमांक कळवावा.’

यातली संमतीच्या पुराव्याची प्रत ही मागणी अजिबात सोडू नका. कागदी मँडेटवरची सही जुळत नसेल आणि तरी बँकेने ते चालवलं असेल, तर तो बँकेचा हलगर्जीपणा ठरतो. अशा वेळी तुम्ही उशिरा तक्रार केलीत तरी तुमच्यावर भार येत नाही.

उशिराचा भाव

बँकेचीही चूक नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी हात मारला, तेव्हा दिवस मोजले जातात. मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये, मूलभूत बचत खात्याला म्हणजे बहुतेक जनधन खात्यांना 5,000, मोठ्या चालू खात्यांना 25,000 रुपये तुमच्या माथी येऊ शकतात. कापलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांपुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोपवलेलं.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस सोडायचा आणि तुमच्या शाखेच्या सुट्ट्या वगळायच्या. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला, तर सोमवार पहिला आणि बुधवार तिसरा. पण यावर विसंबून शनिवार-रविवार काढू नका. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा आधी बँकेचा चोवीस तासांचा क्रमांक, फसवणूक असेल तर 1930, मग अर्ज.

तक्रार दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तीही मूळ व्यवहाराच्या तारखेने, म्हणजे व्याज बुडत नाही. अंतिम निकालाला 90 दिवसांची मुदत. ही तात्पुरती जमा आली की काम संपलं असं समजून ती खर्चू नका. निकाल विरुद्ध गेला तर ती परत वळती होते.

खातं रिकामं करण्याचा उपाय

‘खात्यात पैसेच ठेवू नका, मग काय कापतील?’ हा सल्ला दर चार माणसांत एक जण देतो. सगळ्यात महाग उपाय हाच. नॅच परत गेलं की बँक दंड लावते, अनेक बँकांत साधारण 250 ते 500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. 500 चे 590 झाले. समोरची कंपनी आपला दंड वेगळा लावते, आणि वसुली खरोखरच्या कर्जाची असेल तर सिबिलवर नोंद जाते ती निराळीच. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली, पुरेशी शिल्लक नसल्यामुळे अशी वसुली परत जाणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. 499 रुपये वाचवायला कोणी एवढं ओढवून घेऊ नये. मँडेट रद्द करा, खातं रिकामं करू नका. आणि मँडेट रद्द केल्याने खरं देणं मिटत नाही. ते असेल तर दुसऱ्या मार्गाने भरत राहा.

436 आणि 20 रुपये

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पासबुकात 436 आणि 20 अशा दोन नोंदी दिसल्या तर त्या प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याच्या. न विचारता विमा उतरवल्याच्या तक्रारी या दोन्हींबद्दल होत आल्या आहेत. संमतिपत्राची प्रत मागा. ती दाखवता आली नाही तर पैसे परत मागायचा तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या वर्षासाठी बंद करायचं असेल तर मे उजाडण्याआधी लेखी द्या.

पण इथे रागाच्या भरात अर्ज टाकण्याआधी थोडं थांबा. 436 रुपयांत वर्षभर दोन लाखांचं जीवनविमा संरक्षण बाजारात सहज मिळत नाही. घरात दुसरा विमा नसेल तर ते चालू ठेवणं शहाणपणाचं. खरा घोटाळा वेगळाच असतो : ज्याला आपला विमा आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या घरच्यांना दावा करायचं सुचणार कसं? म्हणून शाखेत जाऊन वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते तपासा. दोन बँकांत खाती असतील तर दोन्हींतून 436 जात आहेत का तेही बघा. एका माणसाला हा विमा एकाच खात्यावर मिळतो. दुसऱ्या खात्यातले पैसे फुकट जातात.

बँकेच्या स्वतःच्या शुल्कांबाबत भांडायला जागा कमी, कारण ती दरपत्रकात असतात. तरी एक लक्षात ठेवा : किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावण्याआधी सूचना द्यावी लागते, शिल्लक भरायला किमान महिना द्यावा लागतो आणि त्या दंडापोटी खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे हप्ते जमा होताच काही खात्यांतून थकीत शुल्कापोटी पैसे वळते झाले, तेव्हा तसं करू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं होतं.

बँकेने ऐकलंच नाही तर

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार सीएमएस पोर्टलवर मराठी मजकुराचा अर्ज जोडून करता येते, चौकशीसाठी 14448. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत तक्रार चालतच नाही. बँकेत दिलेल्या अर्जाची पोच इथे जोडावी लागते. आधी बँकेकडे न जाता थेट आलात तर तक्रार परत येते. मुदतीचा शेवटचा दिवस शोधत बसू नका, एकतिसाव्या दिवशी करून टाका.

पैसे पतसंस्थेत असतील तर हा रस्ता बंद. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे किंवा सहायक निबंधकाकडे जायचं.

त्यानंतर ग्राहक आयोग. आधी लोकपाल, मग आयोग, हाच क्रम ठेवा, कारण प्रकरण आयोगात चालू असलं की लोकपाल ते घेत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. 5 लाखांपर्यंत फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. खर्च म्हणजे प्रतिज्ञापत्राची नोटरी, झेरॉक्स आणि तारखांना मोडणारे दिवस. वकील केला तर त्याची फी रकमेपेक्षा सहज जास्त होते, म्हणून दोन-चार हजारांच्या वसुलीसाठी स्वतःच उभं राहा. कागद तारीखवार लावलेले असतील तर ते अवघड नाही.

या सगळ्यात ‘आम्ही रिफंड काढून देतो’ म्हणणारा कोणी फोनवर भेटलाच, तर तो इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधताना भेटलेला असतो. तो पाच-दहा रुपये ‘प्रोसेसिंग’चे मागतो, स्क्रीन शेअर करायला लावतो आणि मग खातं धुऊन नेतो. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.