सहाचा की सोळाचा?

अगं, बीड बायपासच्या फ्लॅटचं वायरिंग सुरू झालं म्हणालीस, आणि वायरमन म्हणतोय, "ताई, सगळीकडे सोळाचेच एमसीबी टाकू, परत पडायची कटकट नको." त्याला हो म्हणण्याआधी माझं जरा ऐक. टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घातलीस ना, मग अर्धा तास या एमसीबीच्या डब्यालाही दे.

एमसीबी वाचवतो तो भिंतीतल्या वायरीला. दिवा काय, गेला तर बदलता येतो. प्लास्टरमागची वायर करपली तर भिंत फोडावी लागते, आणि आग लागली तर विचारूच नकोस. म्हणून एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरवायचा. दिव्यांच्या लाइनला दीड एमएमची तांब्याची वायर असेल, तर सहा अँपिअरचा पुरतो, फार तर दहाचा. सोळाचा एमसीबी वीस-बावीस अँपिअरलासुद्धा लगेच पडत नाही. तेवढा वेळ दीडची वायर पाइपात तापत राहते आणि तुला पत्ताही लागत नाही.

सहाचा कमी पडेल असं वाटतंय? हिशेब कर. नऊ वॅटचे वीस एलईडी म्हणजे 180 वॅट. पंचाहत्तर वॅटचे पाच पंखे म्हणजे 375. सगळं मिळून अडीच अँपिअरच्या आत. सहाच्या एमसीबीवर 230 व्होल्टला 1380 वॅट चालतात. तरीही दिव्यांच्या दोन लाइन करून घे. एक पडली तरी अर्ध्या घरात उजेड राहतो.

खरी गडबड आपल्याकडे कूलर करतो. एप्रिल उजाडला की तो खिडकीत बसतो आणि जवळच्या बोर्डावरच्या छोट्या सॉकेटला लागतो. तोवर ठीक, पण त्याच सॉकेटला मल्टिप्लग लावून इस्त्रीही आली, की दिव्यांची लाइन हजार वॅट जास्तीची ओढते. म्हणून कूलर, इस्त्री, मिक्सर यांचे पॉइंट अडीच एमएमच्या वेगळ्या लाइनवर घे. सोळाचा एमसीबी तिथे शोभतो.

डबा पश्चिमेच्या गॅलरीत बसवू देऊ नकोस. एमसीबीची मापं साधारण तीस अंश तापमान धरून ठरवलेली असतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उन्हात तापलेल्या डब्यातला एमसीबी जास्त लोड नसतानाही लवकर पडतो, आणि मग लोक वैतागून मोठा टाकतात.

आता बी की सी. बी प्रकारचा तीन ते पाच पट करंट आला की क्षणात पडतो, सी पाच ते दहा पटीला. एलईडीचे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा झटका ओढतात. साध्या घराला बी चालतो. फॉल्स सीलिंगमध्ये एकाच बटणावर खूप दिवे असतील आणि बटण दाबताच बी पडत असेल, तर सी घ्यावा. पाकिटावर आयएसआयचा शिक्का आणि 6000 किंवा 10000 हा आकडा बघ. शॉर्ट सर्किटचा तेवढ्या अँपिअरचा करंट तो तोडू शकतो असा त्याचा अर्थ.

माणसाला शॉकपासून मात्र एमसीबी वाचवत नाही. त्याला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आपल्याकडची मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, अर्थिंग कमजोर होतं, म्हणून तो हवाच. इन्व्हर्टर घेणार असशील तर त्याच्या लाइनचा न्यूट्रल वेगळा ठेवायला सांग. नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहील.

जुन्या घरांत फ्यूज उडाला की लोक तारेचे तीन-चार पदर पिळून बसवायचे. सहाच्या जागी सोळाचा टाकणं हा तोच प्रकार. एमसीबी वारंवार पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो: कुठे लोड वाढलाय, कुठे स्क्रू ढिला आहे, कुठे ओल आहे. ते शोधायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलाव.

आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक लाइनच्या वायरीचं माप स्वतः बघून लिहून ठेव. ते कळल्याशिवाय एकही एमसीबी विकत घेऊ नकोस, बाई.