अठ्ठावीस गेजचा पत्रा

माझ्या वडिलांची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड होती. चाळीस वर्षं त्यांनी पत्रा कापला, वाकवला, जोडला. चित्रांच्या किंवा शिल्पांच्या प्रदर्शनाला ते कधी गेले नव्हते. मी वास्तुरचना शिकले, नोकरीसाठी स्पेनला आले. एका ऑक्टोबरात ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम दाखवायचंच असं मी ठरवलं होतं. इपारागिर्रे नावाच्या सरळ रस्त्याने आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, पार पलीकडे हिरवे डोंगर, आणि मधोमध रस्ता अडवून बसल्यासारखं ते चमकणारं धूड. बारीक पाऊस लागला होता. त्या दिवशीचं आमचं बोलणं आठवेल तसं इथे देते आहे.

बाबा : हे काय गं? वादळात पत्रे उडून एकावर एक पडल्यासारखं दिसतंय.

मी : हेच म्युझियम. फ्रँक गेरी या वास्तुकाराने केलेलं. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं.

बाबा : आणि दारात हा फुलांचा कुत्रा?

मी : जेफ कून्स या अमेरिकन कलाकाराचं ‘पपी’. उंची बारा मीटरच्या वर. आत पोलादाचा सांगाडा आणि पाण्याच्या नळ्या, बाहेर सुमारे ३८ हजार जिवंत रोपं. मे आणि ऑक्टोबरमध्ये सगळी बदलतात. उद्घाटनाच्या काही दिवस आधी इथे एक वाईट गोष्ट घडली. स्पेनपासून बास्क प्रांताचं स्वातंत्र्य मागणाऱ्या एटा या सशस्त्र संघटनेची माणसं माळी बनून कुंड्यांतून स्फोटकं घेऊन आली. एका बास्क पोलिसाला संशय आला, त्याने हटकलं, तर त्याला गोळ्या घातल्या. तो वाचला नाही.

बाबा : (थोडा वेळ गप्प राहून) चल, आधी पत्रा बघू. नदीच्या बाजूने जवळ जाता येतं का?

नदीकडच्या पायवाटेवर, जिथे हात पोचतो तिथे बाबांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचकी मारली, कान लावला, मग डोकं तिरकं करून पत्र्याच्या रेषेत नजर लावली. शेडमध्ये तयार माल तपासताना ते असंच करत.

बाबा : हे स्टेनलेस नव्हे. आवाज वेगळा आहे. आणि पत्रा जागोजागी फुगलाय बघ. आमच्याकडे असं काम गिऱ्हाइकानं परत पाठवलं असतं.

मी : टायटॅनियम आहे. जाडी ०.३८ मिलिमीटर.

बाबा : म्हणजे अठ्ठावीस गेज! एवढ्या पत्र्याच्या आम्ही ट्रंका करायचो. त्याची एवढी इमारत?

मी : असे सुमारे ३३ हजार तुकडे आहेत. टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरतं, गंजत नाही, म्हणून पातळ वापरून चाललं. फुगवटा दिसतो तो पातळपणामुळेच, पण गेरीला तो हवा होता. सपाट पत्र्यावर उजेड एकाच बाजूने सरकतो. इथे प्रत्येक तुकडा उजेड वेगळा पकडतो.

बाबा : स्टेनलेस स्वस्त पडलं असतं की.

मी : आधी तेच ठरलं होतं. पण बिल्बाओत पाऊस फार, आभाळ बहुतेक वेळ भरलेलं. ढगाळ उजेडात स्टेनलेस मेल्यासारखं दिसायचं. गेरीचं ऑफिस तेव्हा लॉस एंजेलिसजवळ होतं. तिथे बाहेर लावलेला टायटॅनियमचा नमुना एका पावसाळी दिवशी सोनेरी दिसला, आणि विचार बदलला. त्याच सुमारास रशियाचं टायटॅनियम बाजारात आल्यामुळे भाव उतरले होते. नाहीतर हे परवडलं नसतं.

बाबा : पावसात सोनेरी कसं होईल? रंग तर लावलेला नाही.

मी : टायटॅनियमवर हवेमुळेच ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो. उजेड त्या थराच्या वरून आणि खालून असा दोनदा परावर्तित होतो, त्यातून रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच.

बाबा : तापलेल्या पोलादावर निळा-जांभळा रंग चढतो तसंच म्हण की. टेंपर करताना तो रंग बघूनच आम्ही काम थांबवतो.

इथे मी मान डोलावण्यापलीकडे काही केलं नाही. माझ्या उदाहरणापेक्षा त्यांचं उदाहरण जास्त नेमकं होतं.

बाबा : बरं, आकार वाकडातिकडा आहे ते कळलं. पण मार्किंग कसं केलं? ड्रॉइंग कसलं काढणार ह्याचं? एक बाजू दुसरीसारखी नाही.

मी : आधी कागद आणि लाकडाच्या लहान प्रतिकृती. त्यांचे बिंदू मोजून संगणकात घेतले. जो प्रोग्राम वापरला त्याचं नाव कॅटिया, एका फ्रेंच विमान कंपनीने लढाऊ विमानांसाठी केलेला. घर बांधायच्या प्रोग्राममध्ये असे वाक बसतच नव्हते. सांगाड्याच्या प्रत्येक तुकड्यावर बारकोड होता आणि तो कुठे बसायचा ते त्यावरून ठरायचं. मुख्य सांगाडा मात्र जवळजवळ सगळा सरळ तुकड्यांचाच आहे. वाक आलाय तो त्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या थरात.

बाबा : असंच असणार. सरळ तुकडा स्वस्त, वाकडा महाग. सांगाडा कुणी केला?

मी : इथल्याच, बास्क प्रांतातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी.

बाबा : हे सांगायचं आधी. मी मघापासून तेच बघतोय, हे हात कुठले म्हणून.

मी : बिल्बाओ लोखंडाचंच गाव आहे बाबा. आजूबाजूच्या डोंगरांत खनिज होतं आणि त्यात फॉस्फरस कमी. बेसेमर पद्धतीने पोलाद करायचं तर असंच खनिज लागायचं, म्हणून एकोणिसाव्या शतकात ते जहाजं भरभरून इंग्लंडला गेलं. मग इथेही भट्ट्या आल्या, जहाजकारखाने आले. आपण उभे आहोत तिथे धक्के आणि गोदामं होती.

बाबा : आणि मग?

मी : १९८० च्या दशकात सगळं कोसळलं. या नदीकाठचा एउस्काल्दुना हा मोठा जहाजकारखाना बंद पडला. तो वाचवायला कामगार रस्त्यावर पोलिसांशी झुंजले. त्यातच १९८३ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. शेवटची मोठी पोलादभट्टी १९९६ मध्ये विझली, आणि पुढच्या वर्षी हे म्युझियम उघडलं.

बाबा : त्या कामगारांचं काय झालं?

मी : जहाज बांधणाऱ्याला म्युझियममध्ये काम मिळतं असं नाही. म्युझियममुळे गाव सावरलं, याला ‘बिल्बाओ परिणाम’ म्हणून जगभर नावाजतात, तेव्हा हा भाग सांगत नाहीत. दुसरीही एक गोष्ट सांगत नाहीत. बास्क सरकारने इमारतीसाठी सुमारे १० कोटी डॉलर घातले आणि पहिल्याच वर्षी १३ लाखांच्या आसपास माणसं आली, हे खरं. पण गाव सावरलं ते फक्त या पत्र्यावर नव्हे. नदीत सोडलेलं सांडपाणी वळवून शुद्ध केलं, बंदर समुद्राच्या तोंडाशी नेलं, १९९५ ला मेट्रो सुरू झाली. पुढे कितीतरी शहरांनी अशीच चमकदार इमारत मागितली, पण सांडपाण्याचं काम कुणी मागितलं नाही.

बाबा : पाया न बघता रंग बघून घर घेतल्यासारखं.

पायवाटेवरून पुढे लुईस बूर्जुआची ब्राँझची कोळीण आहे, नऊ मीटर उंच. तिचं नाव ‘मामाँ’, म्हणजे आई. तिच्या पोटाखालच्या पिशवीत संगमरवरी अंडी आहेत. कलावतीची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, म्हणून आईसाठी कोळीण, हे मी सांगितलं तेव्हा बाबा खाली उभे राहून वर बघत ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणाले. जवळच स्टेनलेसच्या चकचकीत गोळ्यांची उंच रास दिसली आणि ते तिकडे वळले.

मी : हे अनिश कपूरचं. २००९ चं काम. जन्म मुंबईचा. ७३ गोळे आहेत.

बाबा : जोड कुठाय? एवढा गोळा म्हणजे निदान दोन अर्धे जोडलेले असणार.

मी : घासून नाहीसा केलाय.

बाबा : बफिंग करणाऱ्याचे हात बघायला पाहिजेत. आणि बघ की, एका गोळ्यात शेजारचे सगळे गोळे, त्या प्रत्येकात आपण दोघं. मोजायला बसलं तर संपायचं नाही.

म्युझियमच्या दाराशी पायऱ्या वर चढत नाहीत, खाली उतरतात. नदी शहराच्या रस्त्यापेक्षा बरीच खोल आहे, त्यामुळे गेरीने माणसाला उतरवून आत घेतलं. उतरलं की मान आपोआप वर जाते, कारण मधला चौक पन्नास मीटरहून उंच आहे. त्याच्या चारी बाजूंना दालनं. बाहेरून बघून आतली खोली ओळखता येते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं: बाहेर चुनखडीचा दगड असेल तर आत सरळ भिंतींचं दालन, असं दहा ठिकाणी. बाहेर टायटॅनियम असेल तर आत वळणावळणाचं, अशी नऊ. एका दालनात जेनी होल्झर या कलावतीचे दिव्यांचे उंच खांब आहेत, त्यांवरून अक्षरं सरकतात. समोर इंग्रजी आणि स्पॅनिश लाल रंगात, मागच्या अंगाला बास्क भाषा निळ्यात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं न सापडलेली, फ्रँकोच्या हुकूमशाहीत दडपली गेलेली ही भाषा वाचायला खांबांच्या पलीकडे जावं लागतं. बाबा गेले, आणि एक अक्षर कळत नसताना बराच वेळ निळ्या उजेडात उभे राहिले.

मग आम्ही १०४ क्रमांकाच्या दालनात आलो. लांबी १३० मीटर, रुंदी ३०, मध्ये एकही खांब नाही. आत तांबूस तपकिरी पोलादाच्या चार-चार मीटर उंचीच्या भिंती.

बाबा : कॉर्टन! आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांना वापरतात. वरचा गंज घट्ट बसतो आणि आतलं लोखंड राखतो. किती मिली?

मी : पन्नास. रिचर्ड सेराचं काम. नाव ‘द मॅटर ऑफ टाइम’. आठ शिल्पं, मिळून हजार टनांच्या वर. मधला ‘स्नेक’ म्युझियम उघडताना केला, बाकीची सात २००५ मध्ये आली.

बाबा : वेल्डिंग दिसत नाही. खाली बोल्टही नाहीत.

मी : नाहीतच. वजनावर आणि वाकावर उभ्या आहेत. कागद सपाट उभा राहत नाही, वाकवला की राहतो, तसं.

बाबा : आणि ही भिंत खाली बाहेर आणि वर आत झुकतीय, चार पावलांवर उलटं. शंकू असता तर कळलं असतं, एक रोलर तिरपा लावला की शंकू निघतो. हा शंकू नव्हे.

मी : जमिनीवर एक लंबवर्तुळ आहे. वर कडेलाही तेवढ्याच मापाचं लंबवर्तुळ आहे, फक्त फिरवलेलं. दोन्हींना जोडणारी ही भिंत.

बाबा : म्हणजे डब्याचा तळ धरून ठेवायचा आणि तोंड पिळायचं!

मी : अगदी तसंच. बोरोमिनी या वास्तुकाराच्या रोममधल्या एका चर्चमध्ये सेराला हे सुचलं. असलं पहिलं शिल्प अमेरिकेत एका जहाजकारखान्यातल्या यंत्रावर वाकवलं. इथली जर्मनीत झाली. सेराचे वडील सान फ्रान्सिस्कोला जहाजकारखान्यात पाइप फिटर होते. चार वर्षांचा असताना त्यांनी त्याला जहाज पाण्यात सोडताना दाखवलं होतं. एवढं जड धूड पाण्यात शिरलं आणि हलकं झालं, हे तो जन्मभर सांगत राहिला. शिक्षणाच्या खर्चासाठी त्याने पोलाद कारखान्यात कामही केलं. २०२४ मध्ये गेला.

बाबा : मग एक विचारू? काम अवघड आहे, मान्य. पण अवघड काम आम्हीही केलं. साखर कारखान्याचं बॉयलर केलं म्हणून कुणी तिकीट लावलं नाही. ह्यात कला कुठली?

मी : मी सांगत नाही. आत जा. शेवटपर्यंत जा, मग बोलू.

मीही मागोमाग गेले. वाट जेमतेम दोन माणसांची. भिंती डोक्यावर मिटत येतात, पावलांचा आवाज कोरडा होत जातो, आपण किती चाललो याचा अंदाज चुकायला लागतो. मग अचानक भिंती बाजूला होतात आणि मोकळं गोल आवार लागतं. तिथे बाबा उभे होते.

बाबा : खाली सपाट फरशी आहे, तरी मला उतारावर चालल्यासारखं वाटलं. मध्येच एक हात भिंतीला धरणार होतो.

मी : बॉयलरमध्ये काय असतं?

बाबा : वाफ असते. त्याचं सगळं त्या वाफेसाठी. (थांबून) आणि ह्यात माणूस भरलाय. माणूस आत चालला नाही तर नुसत्या प्लेटा.

मी : याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

बाबा पुन्हा आत गेले, या वेळी उलट्या दिशेने. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर दोन लंबवर्तुळं काढली, एक आडवं, एक तिरकं, कडा जोडणाऱ्या रेघांसकट. शेडमध्ये त्यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रींना हे दाखवायचं होतं.

तुमचं बिल्बाओला जाणं झालं, तर १०४ क्रमांकाचं दालन आधी गाठा. दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून ही शिल्पं वरून दिसतात आणि सगळे आकार एका नजरेत कळतात. तिथे नंतर जा. आधी खाली, आतून चालून घ्या, आणि घाई असेल तर बाकीची दालनं सोडा.